गुडघ्यातल्या पाण्याचं कल्चर ‘नो ग्रोथ’, डॉक्टर म्हणतात तरी इन्फेक्शनच. काय समजावं?

शेतशिवार
राम राम मंडळी. आर्णी तालुक्यातून लिहितोय. बाबांचा (वय ६२) उजवा गुडघा दिवाळीपासून सुजलेला आहे. आधी गावातल्या डॉक्टरांकडे इंजेक्शनं झाली, मग तालुक्याला पॉवरच्या गोळ्या. सूज उतरायची, पुन्हा चढायची. शेवटी यवतमाळला हाडाच्या डॉक्टरांनी पाणी काढून तपासायला दिलं. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी १८,००० आणि कल्चरपुढे (जंतू वाढवून पाहायची तपासणी) ‘४८ तासांनंतर नो ग्रोथ’. रक्तात सूज दाखवणारे आकडे वाढलेले: सीआरपी ३८, ईएसआर ७०. संध्याकाळी कणकण येते. वजन उतरलंय, पण वेचणीच्या दिवसांत ते दरवर्षीच उतरते.

डॉक्टर म्हणतात, जंतू आले नाहीत तरी इन्फेक्शनच वाटतं, दुर्बिणीतून आतला तुकडा काढून पाहू. घरी सगळे एका सुरात, रिपोर्ट निल आहे तर गुडघा उघडायचाच कायले? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

नागपुरी_संत्रं
भाऊ, निल आला ना, मंग सुटले तुमी. युरिक अ‍ॅसिड पाहून घ्या एकदा. माह्या मामाले डिट्टो असंच होतं, गाऊट निघाला. उगाच फाडाफाडी करून रायले हे डॉक्टर लोक.

वणीचे_आबाजी
बिब्बा तापवून गुडघ्याच्या दोन्ही बाजूला टिपके द्या. आमच्या आईनं जन्मभर तेच केलं. पाणी आपोआप जिरते.

खुबा_गुडघा
आबाजी, बिब्बा नका सुचवू हो. त्यानं फोड येतात, कातडी सडते, आणि तसल्या कातडीतून सांध्यात सुई घालता येत नाही, कारण वरची घाण आत जाते. म्हणजे पाणी काढून तपासायची जी एक सोपी वाट आहे तीच बंद. असा गुडघा घेऊन पेशंट आला की कातडी सुधरेपर्यंत आम्ही हाडाचे डॉक्टर हात चोळत बसतो.

शेतशिवार, इथून इलाज सांगणार नाही. गुडघा तुमच्या डॉक्टरांनी पाहिलाय, मी नाही. पण त्यांचं म्हणणं मला पटतं, का ते लिहितो.

कल्चर निगेटिव्ह येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधीच पोटात गेलेली अँटिबायोटिकं. तुम्ही लिहिलेल्या ‘पॉवरच्या गोळ्या’ बहुधा त्याच. तेवढ्यानं जंतू सगळे मरत नाहीत, पण प्लेटवर वाढण्याइतका दम त्यांच्यात उरत नाही. दुसरं असं की ४८ तासांत वाढणारे जंतू म्हणजे सगळे जंतू नव्हेत. टीबीच्या जंतूला आठवडे लागतात आणि साध्या प्लेटवर तो येतच नाही, त्याची मागणी वेगळी लिहावी लागते.

आता पेशींचा आकडा. निरोगी गुडघ्याच्या पाण्यात त्या २०० च्या आत असतात, झिजेच्या गुडघ्यात साधारण २,००० च्या खाली. ५०,००० च्या वर गेल्या की पू करणारे जंतू धरूनच आम्ही कामाला लागतो. तुमचे १८,००० अगदी मधल्या पट्ट्यात, आणि खरा गोंधळ तिथेच असतो. टीबी, ब्रुसेला (जनावरांकडून येणारा जंतू), गाऊट, संधिवात, अर्धवट औषध खाल्लेला साधा पू, सगळे तिथे सापडतात. संत्रंभाऊंचा गाऊट अशक्य नाही, पण तो रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडवर ठरत नाही. त्याच पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसावे लागतात. आणि स्फटिक दिसले म्हणून इन्फेक्शन नाही, असंही म्हणता येत नाही. एकाच गुडघ्यात दोन्ही निघालेले पाहिलेत.

काही महिने चाललेली एकाच गुडघ्याची सूज, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन. आपल्याकडे पहिला संशय टीबीचा घ्यायचा. सांध्याच्या टीबीत पाण्यात जंतू फार थोडे असतात, मुख्य आजार आतल्या अस्तरात. म्हणून तुमच्या डॉक्टरांना तुकडा हवाय.

काही गोष्टी सांगाल का? कोणत्या गोळ्या झाल्या, त्यांची नावं. मांडी बारीक झाली आहे का. घरी जनावरं आहेत का आणि दूध कच्चं पिता का. गुडघ्यात काटा, तुराटी, पऱ्हाटीचं खुंट असं काही घुसलं होतं का. शेवटचा प्रश्न गमतीत विचारत नाहीये.

आणि वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: ही चर्चा जुनाट सुजेची आहे. सांधा अचानक गरम, लाल झाला, ताप भरला, पाय टेकवत नाही, किंवा लहान मूल खुबा हलवू देत नाही, तर धागे वाचत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. तसल्या पुवात कुर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, काही दिवसांत खराब होतो आणि पुन्हा येत नाही.

काचपट्टी
मी वर्धेकडे एका लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र बघते. डॉक्टरसाहेबांनी पेशंटची बाजू सांगितली, मी डबीची सांगते. कारण निम्मा घोळ जंतू आमच्या टेबलावर पोचण्याआधीच झालेला असतो.

परवाच एक डबी आली. फॉर्मवर ठळक अक्षरात ‘कल्चर, टीबी कल्चर, सीबीनॅट’ (सीबीनॅट म्हणजे मशीनवर टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणं). झाकण फिरवलं आणि फॉर्मालिनचा वास थेट डोळ्यांत गेला. पांढराफटक, कडक झालेला तुकडा तळाला. एवढी भूल, ऑपरेशन, पेशंटचा खर्च, आणि तुकडा टाकला तो जंतू मारणाऱ्या पाण्यात. त्याची आता पॅथॉलॉजी होईल, कल्चर काही होणार नाही. पॅथॉलॉजीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये आणि कल्चर-सीबीनॅटचा निर्जंतुक डबीत थोड्या सलाइनमध्ये, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाइकांनी नर्सताईंना नम्रपणे विचारलं तरी चालतं. कोणी रागावत नाही. रागावलं तर रागावू दे.

तुकडाही एकच नको. वेगवेगळ्या जागचे चार-पाच, दर तुकड्याला स्वच्छ हत्यार, दर तुकड्याची वेगळी डबी. एकात जंतू आला तर तो वरून पडलेला असू शकतो, दोनात तोच आला तर वजन येतं. कापसाचा स्वॅब फिरवून पाठवू नये, त्यात फारसं काही हाती लागत नाही. पाणी काढलं की थोडं जांभळ्या टोपणाच्या नळीत, म्हणजे ते गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. थोडं तिथल्या तिथे ब्लड कल्चरच्या बाटलीत, त्यानं जंतू मिळण्याची शक्यता वाढते. ती बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. तालुक्याहून एसटीनं पाठवणारे बिचारे बर्फात घालून पाठवतात, काळजीपोटीच, पण ते उलटं पडतं.

आणि संशय कशाचा आहे ते फॉर्मवर लिहा. नुसतं ‘गुडघा पाणी’ लिहिलं तर आम्ही नेहमीच्या पद्धतीनं दोन दिवस बघून रिपोर्ट सोडतो. ‘टीबी?’ लिहिलं तर त्याची वेगळी बाटली लागते. ‘ब्रुसेला?’ लिहिलं तर प्लेटा जास्त दिवस ठेवतो, आणि आम्हीही जपून उघडतो, कारण तो जंतू लॅबवाल्यांनाच श्वासावाटे लागतो.

शेतशिवार
डॉक्टरसाहेब, ताई, लय आभार. मांडी खरंच बारीक झाली आहे. धोतरात दिसत नव्हती, टेप लावला तेव्हा फरक समजला. गोळ्यांची पाकिटं शोधली: सेफिक्झीम, नंतर लिव्होफ्लॉक्सासिन. गुडघ्यातलं इंजेक्शन कशाचं ते चिठ्ठीवर नाही. गाय एक, शेळ्या आहेत. दूध तापवूनच पितो, पण बाबा धार काढता काढता तोंड लावतात, लहानपणीची सवय. काटे तर काय, शेतकऱ्याले कुठं नाही घुसत?

काचपट्टी
लिव्होफ्लॉक्सासिन! ते टीबीच्या जंतूवरही चालतं. पुरतं मारत नाही, पण तपासणीत सापडू नये इतकं दाबतं. लिनेझोलिडचंही तसंच. तुकडा काढायच्या आधी डॉक्टरांना हे पाकीट नक्की दाखवा.

गोठा
पशुसंवर्धन खात्यात नोकरीला आहे, म्हणून धारेवरून राहवलं नाही. ब्रुसेला आमच्या ओळखीचा. गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गर्भ टाकते, मागाहून जार अडकतो, आणि घरचा माणूस उघड्या हातानं जार ओढतो. कच्च्या दुधाइतकंच हे धोक्याचं. माणसाला येणारा-जाणारा ताप, घाम, कंबर आणि सांधे धरणं, आणि टीबीशी एवढं साम्य की भल्याभल्यांची फसगत होते. शेतशिवार, घरच्या शेळीनं, गाईनं गर्भ टाकला होता का ते आठवून डॉक्टरांना सांगा. ते कागदावर येत नाही आणि कोणी विचारतही नाही.

कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच लस द्यायची असते, सरकारी मोहिमेत फुकट आहे. गोऱ्ह्याला देत नाहीत. आमच्यातल्या काहींना ती लस टोचताना सुई लागून आजार झालेला आहे, जिवंत लस आहे ती.

खुबा_गुडघा
गोठासाहेबांचं अगदी बरोबर. रक्ताची ब्रुसेलाची तपासणी स्वस्त आहे. टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) १:१६० किंवा वर आणि लक्षणं जुळणारी, तर गांभीर्यानं घ्यायचं. इलाज किमान सहा आठवडे, डॉक्सिसायक्लिन आणि जोडीला दुसरं औषध. पण जोडीचं औषध पुष्कळदा रिफाम्पिसिन असतं, ते टीबीचं मुख्य औषध. टीबी नाही याची खात्री होण्याआधी ते सुरू केलं तर टीबी अर्धवट दबतो आणि पुढं औषधाला दाद देईनासा होतो. ‘करून पाहू’ म्हणून औषध देण्याचा मला राग येतो तो यासाठी.

मिरग
काट्याचं वाचलं आणि थांबलो. पुतण्याची गोष्ट. बकऱ्यांमागं धावताना हिंगणाच्या काट्यावर गुडघा टेकला. काटा उपसला, हळद लावली, पोट्टं दुसऱ्या दिवशी शाळेत. पुढं सूज सुरू झाली. पाणी काढलं की कमी, पुन्हा भरते. कल्चर निल, एक्स-रे साफ, टीबीची तपासणी निल. एका दवाखान्यात तर पोराच्या वाताचं औषध सुरू करायची तयारी झाली होती. मग अमरावतीला एका बाईडॉक्टरांनी पोरालाच विचारलं, बाळा, काटा गेला होता का रे? सोनोग्राफीत टोक दिसलं. काढलं तर अर्धा सेंटिमीटर काळा तुकडा, अजून आईनं डबीत ठेवलाय.

खुबा_गुडघा
छान लिहिलंत. बाभूळ, हिंगण, बोर, शिंदी, यांचे काटे एक्स-रेत दिसत नाहीत, म्हणून ‘साफ’ वाचून फसू नये. सोनोग्राफी किंवा एमआरआय. बऱ्याचदा जंतू नसतातच, काट्याच्या तुकड्यानंच अस्तर चिडतं. क्वचित वनस्पतींवर राहणारे जंतू सोबत येतात. दोन्हीत नुसत्या अँटिबायोटिकनं भागत नाही, तुकडा काढून अस्तर साफ करावं लागतं.

वैनगंगा
आरमोरीकडून. यात सिकलसेल धरा हो कोणी, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकायचा तो आनुवंशिक आजार. आमच्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया पट्ट्यात पोरगं खुब्यात दुखते म्हणते, पाणी निल, कल्चर निल, आणि निघते काय तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला. उलटही होते, सिकलसेलच्याच पोरांच्या हाडात साल्मोनेला जंतूचा खरा पू होते आणि सगळे ‘क्रायसिसचं दुखणं’ (सिकलसेलचा अचानक उठणारा त्रास) म्हणून सलाइन लावत बसतात.

नागपुरी_संत्रं
बरं बावा, गाऊट मागं घेतला. 😀 पण चिकुनगुनियाचं काय? २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या नागपुरात घरोघरी लोक भिंत धरून चालत होते. तेही कल्चर निलच ना?

खुबा_गुडघा
निलच, व्हायरस आहे तो. पण तो बहुधा दोन्ही बाजूंचे बरेच सांधे धरतो, घोटे, मनगटं, बोटं. एकच गुडघा महिनोन्महिने भरलेला असेल तर त्याची बिलं चिकुनगुनियावर फाडू नका.

लेक_धामणगावची
माझा प्रश्न जरा वेगळा. आईचा गुडघा गेल्या वर्षी बदलला. दुखणं थांबलंच नाही. पाणी काढलं: पेशी ५,२००, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ८६ टक्के, सीआरपी २२, कल्चर निगेटिव्ह. एका ठिकाणी सांगितलं, पेशी कमी आहेत, इन्फेक्शन नाही, व्यायाम करा. वरचं वाचून ५,२०० खरंच कमी वाटतात. बरोबर आहे का?

खुबा_गुडघा
नाही, ताई. बसवलेल्या गुडघ्याचं गणित निराळं. तिथे ३,००० च्या वरच कान टवकारायचे. जंतू धातू-प्लास्टिकवर चिकट थर करून बसतात, पाण्यात थोडेच उतरतात, म्हणून पेशीही कमी आणि कल्चरही पुष्कळदा कोरं.

२०१८ मध्ये सुधारलेली एक गुणपद्धत आहे. कल्चर नसलं तरी चालतं. सीआरपी १० च्या वर, २ गुण. पाण्यातल्या पेशी ३,००० च्या वर, ३ गुण. न्यूट्रोफिल ८० टक्क्यांच्या वर, २ गुण. तुमच्या आईचे ७ झाले. ६ ला आम्ही इन्फेक्शन धरतो. शिवाय टाक्याजवळ सांध्यापर्यंत जाणारं वाहतं भोक असेल तर गुणही मोजायचे नाहीत, ते इन्फेक्शनच. हे आकडे ऑपरेशन होऊन काही महिने उलटलेल्या गुडघ्याचे आहेत, ताज्या ऑपरेशनला लावू नका.

छोट्या गावात पेशी मोजायची सोय नसेल तर लघवी तपासायच्या पट्टीवरचा ल्युकोसाइट एस्टरेजचा (पांढऱ्या पेशींतल्या एन्झाइमचा) चौकोन या पाण्यावर चालतो. दोन मिनिटांत रंग बदलतो. ‘दोन अधिक’ आला तर तेच ३ गुण, पेशींसोबत दोनदा धरायचे नाहीत. पाणी रक्ताळलेलं असेल तर रंग कळत नाही, आधी मशीनमध्ये गरगर फिरवून रक्त खाली बसवावं लागतं.

आता पुढं. ताप नसेल, प्रकृती ठीक असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं निदान दोन आठवडे अँटिबायोटिक पूर्ण बंद ठेवून पुन्हा पाणी काढायचं आणि लॅबला १४ दिवस ठेवायला सांगायचं. काही सुस्त जंतू दुसऱ्या आठवड्यात उठतात. तरीही काही नाही आलं तर? तरी इलाज करायचा असतो. बहुधा दोन टप्प्यांत: बसवलेला सांधा काढून औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा, मग अँटिबायोटिक, मग नवा सांधा. काही निवडक पेशंटमध्ये एकाच टप्प्यात होतं. औषध कोणतं, इथे जंतूचं नाव नसल्याचा फटका बसतो. दोन्ही मोठ्या जातींचे (ग्राम-पॉझिटिव्ह आणि ग्राम-निगेटिव्ह) जंतू झाकतील अशी औषधं द्यावी लागतात, बऱ्याचदा व्हँकोमायसिन आणि सोबत दुसरं, आणि किडनीवर लक्ष ठेवावं लागतं.

लेक_धामणगावची
म्हणजे सहा आठवडे नागपूरला खोली घेऊन सलाइन?

खुबा_गुडघा
तसंच असेल असं नाही. ब्रिटनमध्ये हजारावर पेशंटवर मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये छापून आली. हाडा-सांध्याच्या इन्फेक्शनला पहिल्या सहा आठवड्यांत तोंडावाटे औषध शिरेतल्यापेक्षा कमी पडलं नाही. पण तिथे गोळी जंतू बघून निवडता येत होती बहुतेकांना. तुमच्याकडे जंतूचं नाव नाही, म्हणून डॉक्टर सुरुवात सुईनं करतील तर आश्चर्य मानू नका. मुदतीत मात्र घाई नको. २०२१ च्या फ्रान्समधल्या चाचणीत बसवलेल्या सांध्याला सहा आठवडे कमी पडले, बारा बरे ठरले. सरकारच्या फुले आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

शेतशिवार
मंडळी, अपडेट. दुर्बिणीतून झालं. काचपट्टीताईंचं ऐकून डब्यांचं आदल्या दिवशीच विचारलं, नर्सबाई हसल्या पण डब्या वेगळ्या निघाल्या. पॅथॉलॉजीत ‘केसिएटिंग ग्रॅन्युलोमा’, म्हणजे सुजेच्या पेशींच्या बारीक गाठी, मधोमध मेलेला भाग (केसिएशन). साधं कल्चर निल. सीबीनॅट निगेटिव्ह. ब्रुसेलाची रक्ततपासणी निगेटिव्ह. टीबीचं कल्चर बाकी आहे. डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली.

आता काका अडून बसले. म्हणतात, मशीन नाही म्हणते तर औषध काहून चालू केलं? म्या म्हटलं, पेरलं अन् उगवलं नाही म्हणून तासात बी नव्हतंच असं म्हणता येते का? ते गप्प झाले, पण पटलं नाही.

खुबा_गुडघा
काकांना सांगा: सांध्याच्या तुकड्यात जंतू इतके तुरळक असतात की सीबीनॅट बऱ्याच खऱ्या टीबीत निगेटिव्ह येतं. पॉझिटिव्ह आलं तर पक्कं, निगेटिव्ह आलं तर काही सिद्ध होत नाही. केसिएशन असलेला ग्रॅन्युलोमा, ही मांडी, ही कणकण, हा ईएसआर, एवढ्यावर औषध सुरू करणं योग्यच. काट्यामुळंही ग्रॅन्युलोमा होतो, पण त्यात सहसा केसिएशन नसतं आणि कण दिसतो.

हाडा-सांध्याला औषध साधारण बारा महिने, कधी जास्त. सूज दोन-तीन महिन्यांत उतरेल आणि बाबा म्हणतील आता बस. तिथे तुम्ही घट्ट राहायचं. डोळ्याला लाल-हिरवा फरक कळेनासा झाला, किंवा डोळे पिवळे, उलट्या, तर वाट न पाहता दवाखाना. लघवी केशरी होईल, तिला घाबरू नका. गुडघा किती वाकवायचा ते फिजिओथेरपीत विचारा, बांधून ठेवला तर आखडतो. निक्षयमध्ये (सरकारची टीबी पेशंटची नोंदणी) नोंद झाली का बघा, औषध फुकट आणि महिन्याला १,००० रुपये बँकेत.

काचपट्टी
टीबी कल्चरचा रिपोर्ट ४२ दिवसांपर्यंत येत राहतो, त्याआधी ‘निगेटिव्ह’ म्हणून फाइल बंद करू नका. तो आला तर रिफाम्पिसिन चालतं की नाही तेही कळेल. आता औषध सुरू आहे म्हणून ते कल्चर नकोच असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

शेतशिवार
काका म्हणतात नागपूरले दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. रिपोर्टचा कागद पुरते का?

काचपट्टी
कागद पुरत नाही. पॅथॉलॉजीवाल्यांकडून काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक, दोन्ही लेखी अर्ज देऊन मागा, देतात. कापडात गुंडाळून डबीत घाला. आणि ब्लॉक गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, एवढ्या उन्हात मेण मऊ पडते.